वाऱ्याची वीज आणि वादळाची रात्र

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

या अंकासाठी पवनचक्कीवर लेख लिहिते आहे असे सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या. "तू कला शाखेची, राहतेस आलापल्लीच्या जंगलात, आणि आपल्या अख्ख्या जिल्ह्यात एकही पवनचक्की नाही. तुला हा विषय सुचला तरी कसा?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. विज्ञानाशी माझा अभ्यासाचा संबंध दहावीनंतर संपला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. त्यामुळे घरी विचारावे असे कोणी नाही. तरीही हा विषय माझ्या मागे लागला, याला दोन प्रसंग कारण झाले. पहिला आमच्या अंगणाजवळचा आहे, दुसरा सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावरचा. ते दोन्ही सांगितल्यावाचून पुढचे विवेचन समजणार नाही, म्हणून वाचकमित्रांनी थोडा धीर धरावा.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बारावीचा निकाल लागायचा होता. तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला होता आणि बाबा धानाच्या बांध्यांची कामे उरकत होते. एके दिवशी सायंकाळी गुरे घरी परतण्याच्या वेळेला आभाळ काळवंडले आणि पाऊस येण्याआधीच प्रचंड वारा सुटला. आमच्याकडे मे महिन्यात असे वादळ नवे नाही. घरामागच्या सागाच्या झाडांना त्या वेळी पान नसते. वारा त्यांच्या फांद्यांमधून शिट्या वाजवीत निघून गेला. पण शेताच्या धुऱ्यावरचे जुने आंब्याचे झाड, पानांनी गच्च भरलेले, कडाडून अकरा हजार व्होल्टच्या तारेवर कोसळले. तार तुटून वाटेवर पडली. ठिणगी नाही, आवाज नाही. दोरी पडावी तशी ती पडून राहिली.

आमचा ढवळ्या त्या वाटेने येत होता. तारेला त्याचा स्पर्शही झाला नाही. तारेपासून चार-पाच हातांवर तो आला आणि उभ्याउभ्या कोसळला. माझा धाकटा भाऊ "ढवळ्या!" म्हणून धावला. बाबा त्याच्या मागे धावले. तेवढ्यात आजी ओसरीवरून ओरडली, "जाऊ नोको! कोणी जाऊ नोको तिकडं!" आजीला अक्षरओळख नाही. पण तिच्या लहानपणी रानात वीज पडून एकाच झाडाखालची गुरे एकदम गेलेली तिने पाहिली होती. बाबांनी भावाचा हात धरून त्याला मागे ओढले. ते दोघे वाचले. ढवळ्या गेला. पंचनामा झाला, भरपाईचा अर्जही दिला; तो अजून एका कचेरीतून दुसरीत फिरतो आहे. त्या वर्षी पेरणीला बाबांनी शेजाऱ्याचा बैल मागून आणला आणि त्याबद्दल त्याच्या बांधीत चार दिवस राबले. आमच्या वाडीत नऊ दिवस अंधार होता.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला. तारेला न शिवता ढवळ्या मेला कसा? आणि तार तुटल्याबरोबर वीज आपोआप बंद का झाली नाही?

दुसरा प्रसंग गेल्या हिवाळ्यातला. भूगोल विभागाच्या सहलीत आम्ही साताऱ्याला गेलो होतो. सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा पाहून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो, आणि पवनचक्की मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. एक नाही, ओळीने उभ्या असलेल्या अनेक. तिथे देखभालीचे काम करणारे एक वयस्क गृहस्थ भेटले. मी त्यांना विचारले, "काका, वादळ आले की तुमची चैनच असेल? जेवढा वारा जास्त तेवढी वीज जास्त." ते हसून म्हणाले, "नाही पोरी. वादळात हिला पळवायची नसते, थांबवायची असते. चालवायला कुणीही चालवील. थांबवता आली पाहिजे."

हे वाक्य ऐकताच मला आमच्या वाटेवरची ती तार आठवली. तिला कोणी थांबवले नव्हते. परत आल्यावर ग्रंथालयातली पुस्तके वाचली, विज्ञान शाखेच्या सरांना पुन्हा पुन्हा विचारून भंडावले, आणि जे कळले ते माझ्यासारख्या कला शाखेच्या वाचकांसाठी येथे मांडते आहे.

वाऱ्याचे गणित

पवनचक्कीचे तत्त्व आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. खळ्यावर धान उपणताना वारा भुसा उडवून नेतो, म्हणजे वाऱ्यात काम करण्याची शक्ती असते. ती शक्ती पात्यांनी पकडायची, पात्यांनी आस फिरवायचा, आसाने जनित्र फिरवायचे, आणि जनित्रातून निघालेली वीज तारांवाटे गावोगाव पाठवायची. तीन लांब पाती बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यासारख्या एका मध्यभागी बसवलेली असतात. त्यामागे मनोऱ्याच्या माथ्यावर एक बंद खोली असते. तिच्यात जनित्र, दातेरी चाके आणि ब्रेक असतात. आजच्या मोठ्या पवनचक्कीचे एक पातेच पन्नास मीटरहून लांब असते.

परंतु वाऱ्याचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वेळात दुप्पट हवा पात्यांवर येते, आणि त्या हवेचा प्रत्येक कण दुप्पट वेगाने आदळतो. त्यामुळे दाब दुप्पट न होता चौपट होतो. आणि वाऱ्यातून वाहणारी ऊर्जा तर आठपट होते. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचे ताशी ९० किलोमीटरचे वादळ झाले, की पवनचक्कीच्या दारात आठपट ऊर्जा येऊन उभी राहते. पण जनित्र तेवढेच, दातेरी चाके तेवढीच, मनोराही तोच. दोन खंडी धान मावणाऱ्या कोठीत सोळा खंडी ओतायला गेले तर कोठी फुटणारच.

म्हणून पवनचक्कीला वेगाच्या मर्यादा घालून दिलेल्या असतात. साधारणपणे सेकंदाला ३ ते ४ मीटर वेगाचा वारा मिळाला की ती वीज देऊ लागते. सेकंदाला १२-१३ मीटरच्या सुमारास ती पूर्ण क्षमतेला पोहोचते. त्यापुढे वारा वाढला तरी वीज वाढू देत नाहीत. जादा वारा मुद्दाम सोडून देतात. आणि सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर वेग झाला की यंत्र स्वतःच बंद होते. काकांच्या बोलण्याचा अर्थ हा होता.

थांबण्याची विद्या

आता ती थांबते कशी? येथे मला आजीच्या सुपाचा उपयोग झाला. सूप वाऱ्याला तोंड करून आडवे धरले तर वारा ते हातातून हिसकावून घेतो. तेच सूप कडेवर फिरवून धरले, की वारा दोन्ही बाजूंनी निसटून जातो आणि हाताला काही भार जाणवत नाही. पवनचक्कीची पातीही अशीच आपल्या बुंध्याशी फिरवता येतात. वादळात ती कडेवर वळवली की वाऱ्याला धरायला जागा उरत नाही आणि चक्र मंदावते. प्रत्येक पाते वळवणारे यंत्र वेगळे असते आणि वीज गेली तर उपयोगी पडावी म्हणून त्याच्यापाशी साठवलेली शक्ती ठेवतात. तिघांपैकी दोन अडली तरी एक पाते वळून चक्राला आवर घालू शकावे, असा त्यात विचार असतो. जुन्या लहान पवनचक्क्यांत पाती पक्की बसवलेली असत. त्यांच्या नुसत्या टोकांचा भाग, चक्र बेफाम झाले की, फिरण्याच्या झटक्यानेच आडवा होई आणि गतीला अडसर घाली.

दुसरे संरक्षण म्हणजे ब्रेक. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. आपल्या सायकलचा ब्रेक दाबला तर लागतो, सोडला तर सुटतो. पवनचक्कीच्या अनेक ब्रेकांत याच्या उलट असते. तेलाच्या दाबाने ब्रेक उघडा धरून ठेवलेला असतो. वीज गेली, तेलाचा दाब संपला, काहीही बिघडले, तर स्प्रिंगच्या जोराने तो आपोआप लागतो. बिघाड होणारच हे गृहीत धरायचे, आणि बिघडलेले यंत्र आपोआप सुरक्षित बाजूला जाऊन पडेल अशी त्याची रचना करायची. या एका विचाराभोवती सुरक्षिततेचे सारे शास्त्र फिरते.

तिसरे संरक्षण म्हणजे दिशा. मनोऱ्यावरची खोली मोटारींच्या साहाय्याने वाऱ्याकडे तोंड करून वळत राहते. पाती कडेवर असताना वारा समोरून आला तरच तो निसटून जातो. बाजूने आला तर तीच पाती त्याच्यापुढे सपाट छाती काढून उभी राहतात. कडेवर धरलेल्या सुपाला बाजूने वारा लागला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी.

या व्यतिरिक्त मनोरा आणि पाती थांबलेल्या अवस्थेत किती वादळ सोसतील याचेही आंतरराष्ट्रीय वर्ग ठरलेले आहेत. सर्वांत मजबूत मूळ वर्गातले यंत्र सेकंदाला ७० मीटरचा, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटरचा झोत सोसेल असे बांधतात. मंद वाऱ्याच्या प्रदेशासाठी बांधलेल्या वर्गाची तीच मर्यादा सेकंदाला साडेबावन्न मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर असते. हे दुसरे यंत्र स्वस्त पडते. पण ते चुकीच्या जागी उभे केले तर ती स्वस्ताई एका रात्रीत महाग पडते.

जिथे थांबणे जमले नाही

एवढी काळजी घेऊनही पवनचक्क्या कोसळल्या आहेत. आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. ९ जून १९९८ रोजी गुजरातमध्ये पोरबंदरजवळ एक तीव्र चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. कांडला बंदरात झालेल्या मनुष्यहानीमुळे ते वादळ आजही लोकांच्या लक्षात आहे. त्याच वादळात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शंभराहून अधिक पवनचक्क्यांचे नुकसान झाले. कुठे पाती तुटली, कुठे मनोरेच आडवे झाले. यंत्रे बांधताना जेवढा वारा गृहीत धरला होता, त्याहून अधिक वारा प्रत्यक्षात आला होता.

सप्टेंबर २००३ मध्ये जपानच्या मियाको बेटावर वादळ आले. तेथील वेधशाळेने सेकंदाला ७४.१ मीटर, म्हणजे ताशी २६६ किलोमीटरहून अधिक वेगाचा झोत नोंदवला. बेटावरच्या तीन पवनचक्क्या जमीनदोस्त झाल्या. दोहोंचे मनोरे मोडले, एकीचा पायाच उखडला. आणखी तिघींची पाती वगैरे मोडली. चक्रीवादळात एक घात असा, की वादळाचा मध्य पुढे सरकतो तसा वारा दिशा बदलतो. सकाळी पूर्वेचा असलेला सायंकाळी पश्चिमेचा होऊ शकतो. पवनचक्कीने त्याच्याबरोबर वळायला हवे. पण वळणाऱ्या मोटारींना वीज लागते, आणि वादळात सर्वांत आधी तुटतात त्या वीज आणणाऱ्या तारा! दुसऱ्यांना वीज देणारे यंत्र नेमक्या संकटाच्या घटकेला स्वतःच विजेविना पांगळे होते. मला हे वाचताना फार नवल वाटले.

डेन्मार्क हा तर पवनऊर्जेचा मोठा पुरस्कर्ता देश. तेथे हॉर्नस्लेट गावाजवळ २२ फेब्रुवारी २००८ रोजी वादळ चालू असताना एका पवनचक्कीचे ब्रेक निकामी झाले. चक्र बेफाम फिरत राहिले, शेवटी एक पाते मनोऱ्यावर आपटले आणि सारे यंत्र क्षणात चिंधड्या होऊन उडाले. मियाकोला वाराच अतोनात होता. येथे मात्र वारा मर्यादेतला होता. थांबवणारे साधनच ऐन वेळी दगा देऊन गेले.

चौथे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. सप्टेंबर २०१७ मध्ये 'मारिया' नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावरून गेले. बेटाच्या पूर्वेकडच्या पुंता लिमा येथील पवनचक्क्यांची पाती फाटून गेली. पण दक्षिणेकडच्या सांता इझाबेल येथील पवनचक्क्या जवळजवळ धड उभ्या राहिल्या. तरीही तेथील लोकांना वीज मिळाली नाही, कारण बेटावरचे खांब आणि तारा भुईसपाट झाल्या होत्या. काही वस्त्यांना वीज परत मिळायला वर्षभराच्या आसपास काळ लागला. पवनचक्की वाचली, पण वीज वाचली नाही. ऊर्जेची सुरक्षितता ही केवळ जिथे वीज तयार होते तिथली नव्हे, तर ती शेवटच्या घराच्या दिव्यापर्यंतची असते, हे या उदाहरणावरून दिसते.

मग पवनचक्की नकोच का?

हे वाचून एखादा म्हणेल, "असली धोक्याची यंत्रे हवीतच कशाला?" पण तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पवनचक्की पडली तर ती आपल्या उंचीएवढ्या आणि फार तर तुटलेले पाते जाईल तेवढ्या टापूत नुकसान करते. म्हणून घरांपासून ती दूर उभारतात. तिच्यातून विषारी वायू पसरत नाही, पाणी नासत नाही. आपल्या चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. त्याच्या विजेवर कितीतरी गावे उजळतात, पण त्याच्या राखेचा आणि धुराचा हिशेब चंद्रपूरकरांना कोणी शिकवायला नको. आणि वादळात तारा तुटल्या की औष्णिक केंद्राची वीजही घरी पोहोचत नाही.

महाराष्ट्राने हा मार्ग फार पूर्वी धरला. १९८६ साली देशात जी पहिली पवनऊर्जा केंद्रे उभारली गेली, त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्याचा समावेश होता. आज सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडी, सांगली जिल्ह्यात ढालगाव, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्यांची रानेच उभी आहेत. राज्याची एकूण पवनऊर्जा क्षमता पाच हजार मेगावॉटहून अधिक झाली आहे. ही बहुतेक पठारे समुद्रापासून आत असल्यामुळे चक्रीवादळाचा पुरता जोर त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, हे आपले भाग्य. पण आता गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्यक्ष समुद्रात पवनचक्क्या उभारण्याच्या योजना आखल्या जात आहेत. तेथे १९९८ चा धडा विसरून चालणार नाही.

कोकणाने हा अनुभव नुकताच घेतला आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. पाठोपाठ मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ कोकणाच्या कडेने गुजरातकडे गेले. दोन्ही वेळा विजेचे खांब हजारांनी पडले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांतली कित्येक गावे 'निसर्ग'नंतर अनेक दिवस काळोखात राहिली. तेथेही आंबा, नारळ, पोफळी तारांवर पडल्या होत्या. आमच्या नऊ दिवसांच्या अंधाराशी त्यांचे नाते मला लगेच ओळखू आले.

ढवळ्या का गेला?

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळते. पवनचक्कीच्या अभ्यासाने मला त्याचेही उत्तर मिळवून दिले.

तार तुटल्यावर वीज बंद व्हावी म्हणून उपकेंद्रात यंत्रणा असते. खूप मोठा प्रवाह अचानक वाहू लागला, की ती वीज तोडते. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तसा मोठा प्रवाह वाहतो आणि यंत्रणा काम करते. पण तुटलेली तार जर कोरड्या मातीवर किंवा मुरमावर पडली, तर माती विजेला सहज वाट देत नाही. प्रवाह थोडाच वाहतो. उपकेंद्रातल्या यंत्रणेला तो नेहमीच्या वापरासारखाच भासतो आणि ती स्वस्थ बसते. त्या सायंकाळी पाऊस यायचा होता, जमीन मे महिन्याच्या उन्हाने भाजून निघालेली होती. आमची तार जिवंत राहिली ती म्हणून. पवनचक्कीच्या ब्रेकात जो विचार आहे, तो या ठिकाणी तोकडा पडतो. येथे बिघाड होऊनही यंत्रणा सुरक्षित बाजूला जाऊन पडली नाही.

आणि स्पर्श न होता मरण कसे आले? तळ्यात खडा टाकला की मधे मोठी लाट उठते आणि बाहेर जाता जाता लहान होते. तसेच तार जिथे जमिनीला टेकते तिथे विजेचा दाब सर्वाधिक असतो आणि दूर जावे तसा तो कमी होत जातो. त्या घेऱ्यात आपण चाललो तर आपला एक पाय जास्त दाबावर आणि दुसरा कमी दाबावर पडतो. या फरकामुळे वीज एका पायातून वर चढून दुसऱ्या पायातून उतरते. पावलांत अंतर जितके अधिक, तितका हा फरक अधिक. माणसाचे पाऊल दीड-दोन फुटांचे. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर असते, पायांत चपला नसतात, आणि पुढच्या पायातून मागच्या पायाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत त्याचे काळीज येते. ढवळ्याला मारले ते त्याच्या पायांतल्या अंतराने. आजीने पाहिलेली झाडाखालची गुरेही बहुधा अशीच गेली असावीत. भाऊ लांब ढांगा टाकीत धावत होता. आजीने हाक मारली नसती तर आज मी हा लेख लिहिला असता की नाही, मला सांगता येत नाही.

आपल्या हाती काय आहे?

हे ज्ञान परीक्षेपुरते ठेवले तर त्याचा उपयोग नाही. आपण बहुतेक विद्यार्थी खेड्यांतून येतो आणि वादळे पुढेही येणारच आहेत. म्हणून आपल्या घरी, वाडीवर सांगण्यासारख्या गोष्टी येथे नोंदवते.

पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. ठिणगी दिसत नाही म्हणजे वीज नाही असे होत नाही. तिच्यापासून निदान दहा मीटर, म्हणजे पंधरा-वीस पावले दूर राहावे आणि गुरांनाही दूर हाकावे. ओल्या जमिनीवर अंतर आणखी वाढवावे. तार अगदी जवळ पडलीच तर पळू नये. दोन्ही पाय जुळवून, पाऊल न उचलता, घसटत घसटत दूर व्हावे; पायांत अंतर पडले नाही तर विजेला वाट मिळत नाही. कोणी माणूस चिकटला असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नये. एकाला वाचवायला दुसरा जातो, आणि दोन प्रेते उचलावी लागतात. काठीने तार बाजूला सारण्याचे धाडसही करू नये. अकरा हजार व्होल्टपुढे लाकूड भरवशाचे नाही. १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे, आणि कोणीतरी वाटेच्या दोन्ही टोकांना उभे राहून येणाऱ्यांना थोपवावे.

दुसरी गोष्ट वादळाच्या आधीची. आमच्या आलापल्लीजवळच्या 'वनवैभव'ला शासनाने २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. तेथले उंच सागवान मी लहानपणापासून पाहते आहे. उन्हाळी वादळात साग तरतो, याचे एक कारण त्या दिवसांत त्याची पाने गळालेली असतात. पाती कडेवर वळवलेल्या पवनचक्कीसारखा तो वाऱ्याला वाट देतो. भरल्या पानांचा आंबा वाऱ्याला छाती देतो आणि पडतो. याचा अर्थ आंबा तोडावा असा मुळीच नाही. तारेवर झुकलेल्या फांद्या एप्रिलमध्येच छाटल्या पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. जिथे वाट किंवा शाळा आहे तिथे उघड्या तारांऐवजी वेष्टण असलेली केबल टाकण्याची, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या तारांखाली तुटलेली तार झेलणारी जाळी बसवण्याची मागणी ग्रामसभेत करता येते. या गोष्टी नव्या नाहीत, फार खर्चाच्याही नाहीत. त्यांच्यामागे लागणारा माणूस मात्र हवा.

या वर्षी मार्च महिन्यातल्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले. पाय कापत होते. धुऱ्यावरच्या तारांखालची झाडे दाखवून फांद्या छाटण्याचा अर्ज दिला. बाबांनी त्यावर सर्वांत आधी सही केली. सही त्यांना माझ्या बारावीच्या वर्षी मीच शिकवली होती. एप्रिलअखेर माणसे आली आणि आमच्या वाटेवरच्या फांद्या छाटून गेली. पलीकडच्या टोल्यावरचे काम अजून व्हायचे आहे.

चाळकेवाडीच्या काकांचे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवते. वीज निर्माण करणे ही माणसाची मोठी करामत खरी. पण वादळात तिला थांबवता येणे, आणि ती थांबली नाही तर माणसांना तिच्यापासून दूर थांबवता येणे, ही त्याहून मोठी करामत आहे. पहिली इंजिनियरांची. दुसरी आमच्या आजीसारख्या कोणालाही जमू शकते, मात्र तिचे कारण एकदा सगळ्यांना ठाऊक झाले पाहिजे. गोठ्यात आता नवा गोऱ्हा आला आहे. भाऊ त्याला पाण्यावर नेतो तेव्हा वर तारांकडे एकदा पाहून मगच पाऊल टाकतो.